विमानाला कोसा का नेसवत नाहीत?

पीएच.डी. प्रवेशाची मुलाखत असो की सिनॉप्सिसचं प्रेझेंटेशन, मटेरियलवर काम करणाऱ्याला एक प्रश्न चुकत नाही: "हेच मटेरियल का?" बहुतेक जण पटकन सांगून मोकळे होतात, "सर, याची स्ट्रेंथ जास्त आहे." मग समोरून शांतपणे दुसरा प्रश्न येतो, "पाहिजे किती होती?" इथे गाडी अडते.

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कसं शोधतात ते दाखवायला मी आज जरा वेगळं उदाहरण घेतेय. कापडाचं विमान. म्हणजे ज्याचा सांगाडा लाकडाचा किंवा धातूच्या नळ्यांचा असतो आणि वरून कापड ताणून बसवलेलं असतं. ते कापड जुनं झालं, काढलं, आता नवं चढवायचंय, तर साहित्य कसं निवडायचं?

कापडाचं विमान म्हटल्यावर हसू नका. राइट बंधूंचं 1903 चं विमान साध्या मलमलीचं होतं. पहिल्या महायुद्धातली बहुतेक विमानं लिननमध्ये उडाली. आपल्याकडे हिंदुस्तान एअरक्राफ्टचं 'पुष्पक' 1958 मध्ये पहिल्यांदा उडालं, तेही कापडाचंच. कारखान्याच्या डिझाइन विभागाची धुरा तेव्हा डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्याकडे होती. कोल्हापूरकडचा हा मराठी माणूस जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट करून आला होता. देशभरातल्या फ्लाइंग क्लबांमधून कितीतरी वैमानिक पुष्पकवर शिकले. हवाई दलाने जपलेलं टायगर मॉथ आजही कापडातच आहे, आणि हौशी मायक्रोलाइट विमानांपैकी बरीच कापडाची असतात.

भंडाऱ्याच्या आकाशात मात्र ती सहसा दिसत नाहीत. आपल्या जुन्या जिल्ह्यातली धावपट्टी म्हणजे बिरसीची, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. 1999 मध्ये गोंदिया वेगळा झाला आणि बिरसी तिकडे गेली. तिथल्या प्रशिक्षण संस्थेची डायमंड कंपनीची विमानं कंपोझिटची, म्हणजे रेझिनमध्ये बसवलेल्या तंतूंची. पण भंडाऱ्यात कापड आहे. मोहाडी, आंधळगावच्या मागांवर कोसा विणला जातो, करवत काठीच्या साडीला भौगोलिक निर्देशांक आहे. म्हणून आपल्यासाठी प्रश्न असा ठेवू या: कोसा इतका चिवट, इतका हलका, मग विमानाच्या पंखाला का नाही?

रेशीम उडालेलं नाही असं नाही. सान्तोस-द्युमाँ या ब्राझिलियन माणसाचं 'देमोआझेल' हे चिमुकलं विमान रेशमाच्या पंखांनी उडायचं. पॅराशूटही आधी रेशमाचीच असत. दुसऱ्या महायुद्धात जपानकडून येणारं रेशीम बंद झालं आणि नायलॉन आलं. म्हणजे कल्पना वेडगळ नाही. तरीही उत्तर 'नाही' आहे, आणि ते 'नाही' कुठून येतं ते बघणं मजेशीर आहे. कारण ते स्ट्रेंथमधून येतच नाही.

आधी हिशोब

पुष्पकचं कमाल वजन 612 किलो, पंखांचं क्षेत्रफळ साधारण 16.3 चौरस मीटर. भागाकार केला की एका चौरस मीटरवर साडेसदतीस किलोच्या आसपास भार येतो. हलक्या विमानांच्या साधारण वर्गात सांगाडा 3.8 पट भाराला टिकेल असा आखतात, म्हणजे झाले सुमारे 143 किलो. यातला मोठा वाटा, अंदाजे दोन-तृतीयांश, पंखाच्या वरच्या बाजूवर असतो, कारण तिथे दाब कमी होतो आणि कापड बाहेर ओढलं जातं. हे नीट लक्षात घ्या. पंखावरचं कापड हवा दाबून धरत नाही, हवा ते उपटायला बघते. तर वरच्या कापडावर दर चौरस मीटरला 95 किलो ओढ आली.

आता दोन बरगड्यांमधलं अंतर 30 सेंटिमीटर धरू आणि उडताना कापड मधोमध 1 सेंटिमीटर फुगतं असं धरू. ताणलेल्या पडद्याचं साधं सूत्र आहे: दाब गुणिले अंतराचा वर्ग, भागिले आठ पट फुगवटा. उत्तर येतं मीटरला सुमारे 107 किलो, म्हणजे एक इंच रुंदीच्या पट्टीवर 2.7 किलो. पंखाच्या पुढच्या कडेजवळ ओढ सरासरीहून बरीच जास्त असते. चला, तिप्पट धरा. तरी आठ किलो.

आणि विमानाचं 'ग्रेड ए' सुती कापड नवं असताना एका इंचाला 80 पौंड, म्हणजे 36 किलो सोसतं. साध्या भाषेत, पहिल्या दिवशी कुठलंही बरं, घट्ट विणीचं कापड चालेल. कोसाही चालेल. मुलाखतीतलं "स्ट्रेंथ जास्त आहे" हे उत्तर इथेच निकामी होतं, कारण स्ट्रेंथ सगळ्यांकडेच आहे.

मग नियमांना एवढी जास्तीची स्ट्रेंथ कशाला हवी? एक कारण फाटणं. सरळ ओढून तोडणं आणि एका चिरेपासून टराटरा फाडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानदार मांजरपाट फाडून देतो तेव्हा आधी कात्रीने जेमतेम अर्ध्या इंचाची खाच मारतो, मग दोन हातांनी सरळ फाडत नेतो. न खाचलेलं तेच कापड त्याला ओढून तोडता येणार नाही. प्रोपेलरने उडवलेला एक खडा पंखावर तीच खाच मारू शकतो. दुसरं कारण शिवण. कापड बरगड्यांना नुसतं चिकटवत नाहीत, मेणाच्या दोऱ्याने आरपार टाके घालतात. वरच्या हिशोबाने बरगडीच्या एका मीटरवर साडेअठ्ठावीस किलो ओढ येते. साडेसात सेंटिमीटरवर टाका असेल तर प्रत्येक टाक्याच्या वाट्याला दोन किलोंहून थोडं जास्त. सगळा भार या टाक्यांमधून सांगाड्याला जातो. म्हणून टाक्यांमधलं अंतर विमानाच्या कमाल वेगावर ठरतं आणि प्रोपेलरच्या झोताच्या पट्ट्यात ते आणखी कमी ठेवतात.

तिसरं कारण सर्वांत मोठं, आणि आपल्या कामाचं तेच आहे: वय.

पहिल्या दिवसाचा आकडा आणि दहाव्या वर्षाचा

जुन्या अमेरिकी नियमांत एक सरळ रेघ आहे. दर चौरस फुटाला 9 पौंडांहून जास्त भार असणाऱ्या किंवा ताशी 160 मैलांहून जास्त कमाल वेगाच्या विमानाला 'ग्रेड ए' कापड हवं. त्याखालच्यांना 65 पौंडांचं मधल्या दर्जाचं चालतं. आणि वापरात असताना कापडाची ताकद मूळ गरजेच्या 70 टक्क्यांखाली गेली, म्हणजे अनुक्रमे 56 किंवा 46 पौंडांखाली, की विमान जमिनीवर. बघा, नियम "कापड किती मजबूत आहे" असं विचारत नाही. तो विचारतो, "आज किती उरलंय?"

इथे कोसा हरतो. रेशीम हे प्रथिन आहे. त्यातले टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅनसारखे घटक अतिनील किरण शोषतात, साखळ्या तुटतात, कापड पिवळं पडतं आणि मग ठिसूळ होतं. नेहमीच्या कापडांमध्ये उन्हाला सर्वांत लवकर हार मानणाऱ्यांत रेशमाचा नंबर वरचा. आजीची कोशाची साडी पन्नास वर्षं टिकते, खरंय. ती पेटीत असते. विमान उन्हात उभं राहतं.

दुसरी गोष्ट पाणी. प्रयोगशाळेतल्या प्रमाण हवेत रेशीम आपल्या वजनाच्या सुमारे 11 टक्के ओल धरतं, सूत साडेआठच्या आसपास, नायलॉन चार, आणि पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. ओलं झालं की सुताची ताकद वाढते, रेशमाची कमी होते, पॉलिस्टरला फरक पडत नाही. आता आपला जिल्हा आठवा: वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, धानाच्या बांध्यांतून उठणारी दमट हवा, आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशांची कोरडी भट्टी. ओल घेऊन सैल होणारं आणि सुकून आवळणारं कापड दरवर्षी हा फेरा सोसणार. पंखाचा आकार म्हणजे विमानाची लिफ्ट, तो ऋतूप्रमाणे बदलून कसं चालेल? नायलॉन इथेच बाद होतं. ताकद भरपूर, पण ताणलं की लांबतं आणि उन्हातही कमजोर होतं. पॅराशूटला लांबणं हवंच असतं, झटका त्यातच जिरतो. पंखाला ते चालत नाही. एकच गुणधर्म, एका कामात गुण आणि दुसऱ्यात दोष. मुलाखतीत हे एक वाक्य बोलता आलं तरी पुष्कळ.

सुताचा आणि लिननचा इतिहास मात्र दीर्घ आणि मानाचा आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या 'मॉस्किटो' या लाकडी विमानावर जे बारीक सुती कापड चढवत, त्याचं नाव 'मॅडापोलम'. हे नाव आंध्रात नरसापूरजवळच्या वस्तीवरून आलं, तिथे ईस्ट इंडिया कंपनीची कापडाची वखार होती. म्हणजे हातमागाच्या गावाचं नाव विमानाच्या कापडाला लागलेलं आहे, फक्त ते भंडाऱ्याचं नाही.

सूत, लिनन ताणलं जायचं ते 'डोप'ने. डोप म्हणजे द्रावकात विरघळवलेलं सेल्युलोजचं संयुग. ते कापडात मुरतं, द्रावक उडून जातो, थर आकसतो, कापड ढोलकीसारखं वाजायला लागतं. जुना डोप सेल्युलोज नायट्रेटचा. जवाहरनगरच्या कारखान्यामुळे आपल्याकडे 'प्रोपेलंट' हा शब्द घरोघरी माहीत आहे. नायट्रोसेल्युलोज हा त्याच कुळातला पदार्थ, त्यामुळे तो कसा पेटतो हे वेगळं सांगायला नको. म्हणून पुढे अ‍ॅसिटेट आणि नंतर ब्युटिरेट डोप आले. अ‍ॅसिटेट सहज पेटत नाही, पण पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये तो टेट्राक्लोरोइथेनमध्ये विरघळवत. कारखान्यांत डोप लावणाऱ्या कामगारांना, त्यांत बायका पुष्कळ, विषारी कावीळ झाली, काही दगावले. मग तो द्रावक बंद करावा लागला. विमान जळू नये म्हणून केलेली निवड विमान बनवणाऱ्यांच्या यकृतावर आली. आजच्या चकचकीत पॉलियुरेथेन रंगांत आयसोसायनेट असतात, ते फवारताना साधा मास्क पुरत नाही, बाहेरून शुद्ध हवा पुरवावी लागते. तुमच्या थीसिसमध्ये मटेरियलच्या तुलनेचा तक्ता असेल तर त्यात "लावणाऱ्या माणसाला काय होतं" हा रकाना आहे का, ते एकदा बघा.

पॉलिस्टर, आणि त्याची इस्त्री

आज कापड बदलायचं तर जवळपास सगळीकडे पॉलिस्टर वापरतात. आपल्या शर्टातलं तेच रसायन. पण कापड बाजारातलं नाही. विमानाचं पॉलिस्टर कोरं असतं. विणकरांच्या घरात 'कोरं' म्हणजे काय ते सांगावं लागत नाही: मागावरून उतरलेलं, न धुतलेलं, न आकसवलेलं. बाजारातलं कापड आधीच गरम करून 'सेट' केलेलं असतं, ते पुन्हा आकसत नाही. आपल्याला तर आकसणारंच हवंय.

का आकसतं? धागा काढताना पॉलिस्टरच्या साखळ्या ओढून सरळ केलेल्या असतात आणि थंड होताना त्या तशाच गोठतात. सत्तर-ऐंशी अंश सेल्सिअसच्या वर गेलं की त्यांना हालचालीची मोकळीक मिळते आणि त्या पुन्हा गुंडाळायला बघतात. कापडाच्या कडा सांगाड्याला चिकटवलेल्या असल्यामुळे आकसायला जागा नसते, म्हणून ताण निर्माण होतो. प्रत्यक्षात हे काम चक्क इस्त्रीने करतात. आधी 121 अंशांवर, मग शेवटी 177 अंशांवर. त्यापलीकडे गेलात तर कापड ढिलं पडायला लागतं आणि ते परत येत नाही. अडीचशेच्या पुढे वितळतंच. घरच्या इस्त्रीचा 'कॉटन'चा आकडा 177 च्या बराच वर असतो. शिवाय तिचा थर्मोस्टॅट वर-खाली झुलतो. त्यामुळे इस्त्री आधी थर्मामीटरने तपासून तिच्या चकतीवर खुणा करून घेतात. कॅलिब्रेशन हा शब्द ज्यांना कंटाळवाणा वाटतो त्यांच्यासाठी हे उदाहरण ठेवा. आणि सांगाडा फारच नाजूक असेल तर शेवटच्या तापमानापर्यंत जातच नाहीत, कारण कापडाच्या ताणाने पंखाची मागची कडच वाकू शकते.

पॉलिस्टरला उन्हाची भीती नाही असं समजू नका. उघडं ठेवलं तर तेही काही काळात कमजोर होतं. त्याला वाचवतो तो अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक पापुद्र्यांचा चंदेरी थर. माशाच्या खवल्यांसारखे ते एकावर एक बसतात आणि प्रकाश आत जाऊ देत नाहीत. तपासायचं कसं? अंधारात पंखाच्या आत दिवा लावायचा. बाहेरून उजेड दिसला तर थर अपुरा. मला ही चाचणी फार आवडते. यंत्र नाही, ग्राफ नाही, पण नेमका तोच प्रश्न विचारते जो विचारायला हवा.

आता जिथे सर्वांत जास्त गोंधळ होतो तो मुद्दा. पॉलिस्टर डोपला धरत नाही. सुताचे तंतू ओल पितात, डोप त्यांत मुरतो. पॉलिस्टर काही पीत नाही. म्हणून पहिला थर धाग्यांना सगळीकडून वेढून, विणीतून पलीकडे जाऊन त्यांना पकडेल असा घालावा लागतो. ती पकड यांत्रिक असते, रासायनिक नाही. हा थर चुकला तर वरचा सगळा रंग पुढे चादरीसारखा सुटतो. म्हणून कापड एका कंपनीचं, गोंद दुसऱ्याचा, रंग कारच्या दुकानातला, असं चालत नाही. कारचा रंग पत्र्यासाठी असतो. कापड लवतं, तो लवत नाही, त्याला भेगा पडतात आणि भेगेतून ऊन आत शिरतं. मंजुरी मिळते ती कापडाला एकट्याला नाही. कापड, गोंद, दोरा, पट्ट्या, थर आणि ते लावण्याची पद्धत या सगळ्यांना मिळून एक मंजुरी असते. आपल्याकडे डीजीसीएच्या नोंदणीतल्या विमानावरही मान्य कागदपत्रांबाहेरचं काम करता येत नाही. "मला अमुक तंतू चांगला मिळाला" एवढ्याने भागत नाही तो यामुळे.

वजनाबद्दल थोडक्यात. पॉलिस्टर साधारण तीन वजनांत मिळतं, चौरस यार्डाला 1.7, 2.7 आणि 3.4 औंसांच्या आसपास. पुष्पकएवढ्या विमानाला सगळं मिळून 50 चौरस मीटर कापड लागतं असं धरलं, तर मधलं आणि जड यांतला फरक जेमतेम सव्वा किलो. रंगाचा एखादा हौशी जादा थर यापेक्षा जड होऊ शकतो. आणि किलोंपेक्षा ते किलो कुठे आहेत हे महत्त्वाचं: एलेरॉन किंवा एलेव्हेटरच्या बिजागरीमागे रंग वाढला की तो भाग वेगात फडफडू लागण्याचा धोका असतो, आणि अशा फडफडीने विमानं हवेत तुटलेली आहेत. म्हणून नवं कापड चढवल्यावर हे भाग पुन्हा तोलून बघतात.

मोजायचं कुठे, कशाने

चालू विमानाचं कापड तपासायला स्प्रिंग असलेलं एक छोटं टोचणीचं साधन असतं. बाहेरून दाबायचं, पौंड वाचायचे. झटपट, पण ते कापड आणि वरचा रंग दोघांची मिळून ताकद सांगतं. जाड, कडक रंगाखाली कुजलेलं कापड त्यात पास होऊ शकतं. खात्री करायची तर एक इंच रुंदीची पट्टी कापून, रंग काढून, कडेचे धागे उसवून मशीनवर ओढावी लागते. आपल्या लॅबमधल्या यूटीएमवर आपण करतो तेच. फक्त इथे नमुना घेण्यासाठी पंखाला भोक पडतं, म्हणून कुणाला ते करावंसं वाटत नाही.

नमुना कुठून घ्यायचा? सोयीच्या जागेवरून नाही. वरच्या बाजूचा, आणि त्यातही गडद रंगाच्या पट्ट्यातला, कारण गडद रंग जास्त तापतो आणि कापड तिथे आधी जातं. पाच ठिकाणांची सरासरी काढून समाधान मानणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा: पंख सरासरी जागी फाटत नाही.

टक्केवारीचाही एक सापळा आहे. समजा मूळ गरज 'ग्रेड ए'ची, म्हणजे किमान 56 पौंड. आता त्यावर शंभर पौंडांहून जास्त ताकदीचं पॉलिस्टर चढवलं. मर्यादा तरी 56 च राहते, कारण 70 टक्के हे विमानाच्या मूळ गरजेचे, नव्या कापडाचे नाहीत. म्हणजे पॉलिस्टर जवळजवळ निम्मं संपलं तरी कागदावर पास. नियमाच्या दृष्टीने बरोबरच आहे. पण ज्या कापडाने निम्मी ताकद घालवली, त्याचा चंदेरी थर कुठेतरी हरलाय आणि पुढची घसरण आणखी वेगाने होऊ शकते. तुमच्या पेपरमध्ये "80 टक्के गुणधर्म टिकले" असं लिहाल तेव्हा 'कशाच्या 80 टक्के' हे त्याच वाक्यात लिहा.

पैशांचं म्हणाल तर अशा कामात कापडाचा खर्च छोटा असतो, मजुरीचे तास मोठे. सुती कापड काही वर्षांत बदलावं लागतं. नीट लावलेलं, हँगरमध्ये ठेवलेलं पॉलिस्टर वीस वर्षं आणि त्याहून जास्त चालतं. त्यामुळे निवड एकतर्फी वाटते, आणि बहुतांशी आहेच.

एक गोष्ट मात्र या बदलात नकळत हरवली. सूत लवकर जायचं, म्हणून दर काही वर्षांनी सगळं विमान सोलून काढावं लागायचं. तेव्हा आतल्या पोलादी नळ्यांवरचा गंज, कुजलेलं लाकूड, सुटलेला गोंद, उंदरांची घरटी आपोआप डोळ्यांसमोर यायची. आता कापड वीस-पंचवीस वर्षं उघडत नाही, आणि तेवढी वर्षं सांगाडा अंधारात असतो. त्यामुळे नवं कापड चढवताना आतून बघता यावं म्हणून तपासणीच्या गोल झाकणांसाठी कड्या आधीच चिकटवून ठेवतात, विशेषतः पाणी साचतं त्या खालच्या कोपऱ्यांत, आणि पाणी निघून जायला बारीक छिद्रं पाडतात. आपल्या हवेत असं विमान ठेवायचं झालं तर पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरमध्ये, मी पहिली झाकणं उघडीन ती शेपटीकडची.